वाडीतली घोडी, शिंगरू आणि पाखरं

प्रश्न : चौलला आमची एकरभर नारळ-पोफळीची वाडी आहे. एक घोडी पाळून तिच्यापासून शिंगरू घ्यायचा विचार आहे. वाडीतली पाखरं, फुलपाखरंही टिकवायची आहेत. दोन्ही जमेल का?
– एक वाचक, चौल

उत्तर : जमेल, पण एकाच घोडीपुरतं. चौल बंदरात पूर्वी अरबी घोडे उतरत, पण ते पुढे घाटावर विकले जात. कोकणच्या दमट हवेत घोडा सांभाळायला जास्त जपावं लागतं.

घोडी साधारण 11 महिने गाभण राहते. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत भरवा. शिंगरू कोरड्या थंडीत जन्मेल. भरवण्याआधी पशुवैद्यांकडून सर्रा आणि ग्लँडर्स या रोगांची रक्ततपासणी करून घ्या. सर्रा चावणाऱ्या गोमाश्यांमुळे पसरतो.

पावसाळ्यात घोडी वाडीत मोकळी सोडू नका. पोफळीची मुळं वरवर असतात, ती तुडवली जातात आणि चिखलात खूर कुजतात. मुरूम टाकलेली उंच, निचऱ्याची जागा तिच्यासाठी राखा. बहुतेक चारा विकतच घ्यावा लागेल.

कुंपणाला कण्हेर असेल तर आजच काढा. थोडी पानंही घोड्याचा जीव घेतात. घाणेरीही विषारीच. त्याऐवजी करवंद लावा. फळं पाखरांना मिळतील.

जंताचं औषध ठरावीक दिवशी नव्हे, लीद तपासून द्या. आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक लिदीत उतरतं आणि शेणकिड्यांना मारतं. लीद नीट कुजवूनच झाडांना घाला.

चाऱ्याचा आणि औषधपाण्याचा वर्षभराचा खर्च झेपणार असेल, तरच घोडी आणा.