ओला-सुका वेगळा करून उपयोग काय?

प्रश्न : आम्ही सांगलीत फ्लॅटमध्ये राहतो. घंटागाडीत सगळा कचरा एकत्रच जाताना दिसतो. मग घरी वेगळा का करायचा?

उत्तर : कारण ओला कचरा तुमच्या घराबाहेर जाण्याची गरजच नाही. समडोळी रोड असो की साताऱ्याचे सोनगाव, कचरा डेपोच्या ढिगात ओले दबून कुजते, मिथेन तयार होतो आणि आगी लागतात. भोके पाडलेल्या बादलीत भाज्यांची देठे, साली टाका; प्रत्येक थरावर बारीक केलेले उसाचे पाचट पसरा. आपल्याकडे त्याला तोटा नाही! वास आला तर ओल जास्त झाली समजा, पाचट वाढवा. दोनेक महिन्यांत खत मिळेल. कोरडा, स्वच्छ सुका माल भंगारवाला आनंदाने नेतो. सॅनिटरी पॅड मात्र कागदात गुंडाळून वेगळेच द्या. मनावर घेतले तर छोट्या शहरालाही स्वच्छता जमते : 2020 च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालील लोकसंख्येच्या शहरांत शेजारचे कऱ्हाड देशात पहिले आले. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत कचरा वेगळा करण्याचा विषय नक्की मांडा.