सूर्याचा जमाखर्च

कॉमर्सच्या विद्यार्थ्याने रेडिओवर लेख लिहावा याचे काहींना नवल वाटेल. पण डोंगरावरचा रिपीटर सूर्यप्रकाशावर चालवायचा म्हटले की प्रश्न शेवटी जमाखर्चाचाच होतो.

हौशी रेडिओचालक, म्हणजेच 'हॅम', शासनाचा परवाना घेऊन बिनव्यापारी संदेशवहन करतात. आपल्या देशात त्यांना १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा उपलब्ध आहे. या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की हातातल्या लहान संचाचा संदेश अडतो. म्हणून माथ्यावर रिपीटर बसवतात. तो एका वारंवारतेवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर अधिक शक्तीने तेच पुन्हा पाठवतो. अशा माथ्यावर विजेची तार नसली, तर सौर पॅनेल आणि बॅटरी हाच आधार.

आता वही उघडू. समजा, १२ व्होल्टचा रिपीटर नुसता ऐकताना अर्धा अँपिअर आणि बोलताना ५ अँपिअर प्रवाह घेतो. दिवसाच्या दहाव्या हिश्शात, म्हणजे २.४ तास, संभाषण चालले तर १२ अँपिअर-तास खर्च होतात. उरलेल्या २१.६ तासांत १०.८. एकूण सुमारे २३. यातला जवळजवळ निम्मा खर्च मौनाचा आहे! आपण ज्याला स्थिर खर्च म्हणतो तो हाच.

जमेची बाजू पाहू. १०० वॅटचे पॅनेल भर उन्हात सुमारे साडेपाच अँपिअर देते. उन्हाळ्यात पाच तासांचे पूर्ण ऊन धरले तर २७ अँपिअर-तास जमा. वही जुळली असे वाटते. पण इथेच फसगत होते. युरोप-अमेरिकेतील पुस्तकांत कसोटीचा महिना डिसेंबर असतो. आपल्याकडे तो आषाढ! ढगाळ दिवशी दोन तासांएवढेच ऊन धरले तर जमा अवघी ११. म्हणून एक नव्हे, तीन पॅनेले हवीत: ३३ जमा, त्यातून भरणीतली घट वजा जाता खर्च भागतो.

बॅटरी ही गंगाजळी. मराठीत 'शिल्लक', कन्नडमध्ये 'शिल्कु'. पाच दिवस मुळीच ऊन नाही असे धरले तर ११५ अँपिअर-तास लागतात. शिसे-आम्लाची बॅटरी वारंवार निम्म्याहून अधिक रिकामी केली तर तिचे आयुष्य घटते. म्हणून २३० अँपिअर-तासांची घ्यावी.

आणि संकटकाळी? ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगाव, कोल्हापूर, सांगली या जिल्ह्यांत महापूर आला. अशा दिवसांत आठ तास संभाषण चालले तर रोजचा खर्च ४८ होतो आणि पाच दिवसांची गंगाजळी अडीच दिवसही पुरत नाही. ज्या दिवशी रिपीटरची गरज सर्वांत जास्त, त्याच दिवशी सूर्य दडलेला! तेव्हा शक्ती उतरवून बोलतानाचा प्रवाह ३ अँपिअरवर आणला तर खर्च ३२ होतो आणि तीच शिल्लक साडेतीन दिवस टिकते. प्रक्षेपणाची शक्ती निम्मी केली तरी संदेश फक्त ३ डेसिबलने क्षीण होतो. बहुतेक ठिकाणी ऐकणाऱ्याला फरक जाणवतही नाही.

वाचकहो, अंदाजपत्रक सुगीच्या महिन्यावर नव्हे, टंचाईच्या महिन्यावर बेतावे, हा धडा आम्ही वर्गात शिकतो. डोंगरावरचा रिपीटर तोच धडा पावसात उभा राहून शिकवतो.