मैत्रीचे बाक

ताप आला की अंग तापते, हाड मोडले की सूज येते. मनाचा आजार मात्र असा डोळ्यांना दिसत नाही. चार दिवस वाईट वाटणे हा काही आजार नव्हे. सुखदुःख सर्वांनाच असते. परंतु दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ मन सतत खिन्न राहिले, खेळ नकोसा झाला, झोप व भूक बिघडली, आपण कशाच्याही उपयोगाचे नाही असे वाटू लागले, तर ते नैराश्य असू शकते. नैराश्य हा आळस नव्हे, मनाचा दुबळेपणाही नव्हे. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

आफ्रिका खंडातील झिंबाब्वे देशात अशा त्रासाला शोना भाषेत 'कुफुंगिसिसा', म्हणजे 'अति विचार करणे', असे म्हणतात. तेथे रुग्ण पुष्कळ. परंतु मनोविकारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. २००६ साली राजधानी हरारे येथील म्बारे वस्तीत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी यावर एक मार्ग शोधला. दवाखान्यात या कामासाठी खोली नव्हती. होत्या त्या वस्तीतल्या १४ आजीबाई! डॉक्टरांनी त्यांना शिकवून तयार केले आणि आवारात लाकडी बाक मांडले. बाकाला प्रथम मानसिक आरोग्याचे नाव होते. अशा बाकावर लाजेने कोणी बसणार नाही, हे आजींनीच सांगितले. म्हणून ते 'मैत्रीचे बाक' झाले.

आजी रुग्णाची व्यथा शांतपणे ऐकून घेत. त्याला हिणवीत नसत. त्याच्या अनेक अडचणींपैकी एक निवडून ती कशी सोडवावी, हे त्यालाच शोधावयास लावीत. ज्याचा आजार बळावलेला असे, त्याला पुढील उपचारांसाठी पाठवीत.

या कामाची शास्त्रीय परीक्षाही झाली. ५७३ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. तिचा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर दुसऱ्या गटात शंभरांपैकी सुमारे ५० जणांत नैराश्याची लक्षणे होती. बाकावर बसलेल्यांत ती केवळ १४ जणांत होती.

समजुतीचे बोलणे आणि गरज पडल्यास औषधे, यांनी मनाचा आजार बरा होऊ शकतो. मात्र तो लपवून ठेवता कामा नये. आईवडिलांना, शिक्षकांना, डॉक्टरांना तो सांगावा. भारतात २०२२ सालापासून 'टेलि-मानस' ही शासकीय सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. दुखणे सांगण्यात कमीपणा नाही. बरे होण्याचा आरंभ तेथूनच होतो.

स्वाध्याय
१. बाकाचे नाव का बदलावे लागले?
२. वर्गातील एखादा मित्र बरेच दिवस उदास दिसला, तर तुम्ही काय कराल?