चाल नव्हे, वापर विका

आठ वर्षांपूर्वी एका माहितीपटाला संगीत दिलं. २५,००० ठरले. स्टुडिओचं भाडं, बासरी-ढोलकीवाल्यांचं मानधन चुकतं केल्यावर हातात ६,००० उरले. चेकसोबत एक कागद होता : ‘सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी.’ माझं लक्ष चेकवर. सही ठोकली. वर त्यांनी मागितले म्हणून सगळ्या वाद्यांचे सुटे ट्रॅकही देऊन टाकले.

दोन वर्षांनी मुलगी टीव्हीसमोरून ओरडली, “बाबा, तुझी चाल!” तोच बासरीचा तुकडा, ढोलकी काढून, एका जाहिरातीमागे वाजत होता. निर्मात्यांना फोन लावला. “अहो, तुम्हीच लिहून दिलंय की!” खोटं काय होतं त्यात?

तेव्हापासून आकडा सांगण्याआधी मी दोन गोष्टी विचारतो : कुठे वाजणार आणि किती दिवस? यूट्यूबवर वर्षभर वाजण्याचा दर निराळा, टीव्हीच्या जाहिरातीचा निराळा. सुट्या ट्रॅकचे पैसे वेगळे. चाल आणि तिचं ध्वनिमुद्रण यांचे कॉपीराइट वेगवेगळे असतात. बहुतेक क्लायंटचं काम ध्वनिमुद्रण वापरण्याच्या परवान्यावर भागतं; चाल आपल्याकडेच ठेवावी.

हक्क द्यायचेच झाले, तर कायद्याने ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. कागदात मुदत लिहिली नसेल, तर ती ५ वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल, तर फक्त भारत. म्हणूनच समोरचा ‘कायमस्वरूपी’ हा शब्द आठवणीने घालतो. आपणही तो आठवणीने खोडावा.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर चित्रपटातल्या किंवा ध्वनिमुद्रणातल्या संगीताच्या रॉयल्टीतला निम्मा वाटा संगीतकाराला सही करूनही सोडता येत नाही. चित्रपटगृहातलं प्रदर्शन तेवढं याला अपवाद. पण हा वाटा आपोआप घरी चालत येत नाही. त्यासाठी आयपीआरएस या संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासद व्हावं आणि प्रत्येक रचना तिथे नोंदवावी. मी यातलं काहीच केलं नव्हतं.

मध्यंतरी एका जिंगलच्या करारात ‘कायमस्वरूपी’ खोडून ‘दोन वर्षं’ लिहिलं. क्लायंट कुरकुरला, चहा गार होईपर्यंत घासाघीस झाली. शेवटी त्याने सही केली. परवा त्याचाच फोन आला, “दादा, मुदत वाढवून हवीय.” या वेळी स्टुडिओचं भाडं नाही, वादकांचं मानधन नाही. जिंगल तीच, आणि आलेला पैसा सगळा हातात.