पोट भरलेलं, तरी मिसळीचा फोटो पाहून भूक का लागते?

प्रश्न: रात्री व्यवस्थित जेवून मोबाइल हातात घेतला की कुठला तरी मिसळीचा फोटो समोर येतो आणि पुन्हा भूक लागते. ही भूक खरी की मनाचे खेळ? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर: मनापासून सुरू होते, पण पोटापर्यंत पोचते.

घास पोटात पडायची वाट शरीर पाहत नाही. अन्न दिसलं, त्याचा वास आला, की मेंदू आधीच तयारीला लागतो. तोंडाला पाणी सुटतं, जठरात पाचक रस पाझरू लागतो. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून हे दाखवलं. कुत्र्याने गिळलेलं मांस गळ्याला पाडलेल्या छिद्रातून बाहेर पडत असे, जठरात कणही जात नसे, तरी तिथे रस भरपूर पाझरे. मेंदूकडून जठराकडे जाणारी नस कापली की तो बंद. पचनावरच्या या कामाला 1904 चं नोबेल मिळालं. (घंटा ऐकून कुत्र्याला लाळ सुटण्याचा किस्सा सगळ्यांना ठाऊक असतो, पण पारितोषिक त्यासाठी नव्हतं.)

पण डोळ्यांना कळतं कसं, की हे खायचं आहे? हे शिकावं लागतं. पाव्हलॉव्ह यांच्याच प्रयोगशाळेत नुसत्या दुधावर वाढवलेली पिल्लं मांस पाहून ढिम्म होती. काही वेळा ते खाल्ल्यावरच त्यांना नुसत्या दर्शनाने लाळ सुटू लागली. तुमच्या फोटोचंही तेच. वर तरंगणारी लालभडक तर्री, तिच्यात अर्धवट भिजलेलं फरसाण, कडेला लिंबाची फोड. ज्याने जन्मात मिसळ खाल्लेली नाही, त्याला यात तेलकट रस्साच दिसेल. तुम्हाला मात्र पहिल्या घासाचा झणका आठवतो. फोटो फक्त आठवण उकरून काढतो.

आणि पोटही यात मागे नसतं. भूक वाढवणारं घ्रेलिन नावाचं एक संप्रेरक मुख्यतः जठरात तयार होतं. 1999 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी ते शोधलं. म्युनिकच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी 2012 मध्ये मोजक्या निरोगी पुरुषांना खाद्यपदार्थांची चित्रं दाखवली, तर रक्तातलं घ्रेलिन वाढलं. प्रयोग लहान होता, त्यामुळे त्यावर फार मोठा डोलारा उभा करू नये.

आता भरल्या पोटाचं. पोट भरतं तेव्हा कंटाळा मुख्यतः खाल्लेल्या चवीचा येतो. वांग्याची भाजी-पोळी नकोशी झाली, तरी मिसळीची चव अजून ताजीच असते. पंगतीत भात नको म्हणणारा जिलबीला नाही म्हणत नाही, तो याच कारणाने. तेव्हा तुमच्या शरीराला त्या वेळी अन्नाची गरज नाही. खाण्याची इच्छा मात्र खरी आहे.

उपाय म्हणाल, तर एक गमतीदार प्रयोग सांगतो. 2013 मध्ये अमेरिकेत काही जणांना चिप्ससारख्या खारट पदार्थांचे तब्बल 60 फोटो दाखवून प्रत्येक पदार्थ किती चविष्ट वाटतो ते विचारलं. नंतर खारे शेंगदाणे दिले, तर त्यांना ते खाण्यात फारशी मजा आली नाही. नुसतं पाहूनच त्या चवीचा वीट आला होता. तेव्हा एक तर मोबाइल वेळेवर बाजूला ठेवा, नाहीतर मिसळीचे साठेक फोटो नीट निरखून बघा. आम्ही पहिला उपाय सुचवू, दुसऱ्यात झोपेचं खोबरं होईल.