घरचे जनित्र आणि खांबावरचा शेजारी

वादळवाऱ्याने विजेच्या तारा तुटणे आमच्या कोकणपट्टीस नवे नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन आदळले, तेव्हा रायगड व रत्नागिरी या जिल्ह्यांत विजेचे खांब ठिकठिकाणी मोडून पडले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी ज्यांस शक्य असते ते पेट्रोलवर अथवा डिझेलवर चालणारे लहानसे जनित्र घरी आणतात. रुग्णाचे औषध थंड ठेवावयाचे असते, विहिरीचे पाणी टाकीत चढवावयाचे असते. तेव्हा हा उपाय योग्यच होय. परंतु ते यंत्र घराच्या वायरिंगशी कसे जोडावे याविषयी पुष्कळ गैरसमज आढळतात, आणि ते प्राणावर बेतणारे आहेत. म्हणून या विषयाची थोडी फोड करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम शास्त्र पाहू. १८३१ साली मायकेल फॅरडे यांनी असे दाखवून दिले की, तारेच्या वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले म्हणजे त्या तारेत वीज उत्पन्न होते. याच नियमावर जनित्र चालते आणि रस्त्याकडेच्या खांबावरील रोहित्रही चालते. गावात येणारी मोठी वाहिनी बहुधा ११,००० व्होल्टची असते. रोहित्र तो दाब उतरवून घरोघरी सुमारे २३० व्होल्टने वीज पोहोचविते. आता विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात धरावयाची गोष्ट ही की, रोहित्रास दिशा कळत नाही. ज्या शिडीने उतरता येते त्याच शिडीने चढताही येते. घरातील जनित्राची २३० व्होल्टची वीज मीटरमधून उलट बाहेर गेली आणि रोहित्रापर्यंत पोहोचली, तर पलीकडच्या बाजूस तिचा दाब चढून सुमारे १०,००० व्होल्ट होतो. त्याच तारेवर एखादा लाइनमन दुरुस्तीसाठी चढलेला असेल, तर त्याचे काय होईल हे निराळे सांगावयास नको.

कोणी म्हणेल, “एवढ्याशा यंत्रावर साऱ्या गावाचा भार पडला, तर ते तत्काळ बंद पडेल.” पुष्कळदा तसे होतेही. परंतु तार जवळच तुटलेली असेल, किंवा शेजाऱ्यांनी आपापले मेन स्विच बंद ठेवले असतील, तर भार फारसा पडतच नाही. शिवाय प्राण जाण्यास क्षणाचाही अवधी पुरतो, आणि रोहित्राच्या अलीकडील २३० व्होल्टही त्यास पुरेसे आहेत. तारा भूमीशी जोडून मगच कामास हात घालावा, असा लाइनमनचा नियम असतो खरा. पण त्याच्या दक्षतेच्या भरवशावर आपण निष्काळजी व्हावे, हा न्याय नव्हे.

हा अनर्थ घडतो तो बहुधा एका युक्तीमुळे. काही लोक दोन्ही टोकांस पिना असलेली केबल करवून घेतात. एक टोक जनित्रात व दुसरे भिंतीवरील सॉकेटात खुपसतात आणि सारे घर उजळवितात. या केबलचे एक टोक निसटले तर हाती येतात त्या उघड्या, जिवंत पिना. “आम्ही आधी मेन स्विच बंद करतो,” असे उत्तर मिळते. पण काळोखात, घाईत, घरी वडीलधारे नसताना कोणी तरी विसरणारच. आणि मेन चालू राहिला असता बाहेरची वीज अकस्मात परतली, तर दोन प्रवाह एकमेकांवर आदळून जनित्र जळते, प्रसंगी घरासही आग लागते. जी सुरक्षितता केवळ स्मरणावर अवलंबून आहे, तिला सुरक्षितता म्हणता येत नाही.

यावर खरा उपाय म्हणजे चेंजओव्हर स्विच. मीटरजवळील मेन स्विच आणि घरात वीज वाटणारी पेटी यांच्या दरम्यान तो बसवितात. त्याच्या दांड्यास तीन जागा असतात: एका अंगास बाहेरची वीज, दुसऱ्या अंगास जनित्र आणि मध्ये बंद. एक संबंध तुटल्यावाचून दुसरा जुळतच नाही. दोन्ही एकदम जुळणे त्याच्या रचनेतच अशक्य असते. या स्विचाने फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा तोडल्या पाहिजेत. म्हणून साध्या घरास दोन पोलांचा आणि तीन फेज असलेल्या घरास चार पोलांचा स्विच घ्यावा. जनित्राचे अर्थिंगही यथायोग्य असावे. हे सर्व काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. तशी सोय होईपर्यंत घराच्या वायरिंगला हात न लावता, जनित्रावरील सॉकेटातूनच चांगल्या जाड केबलने एखादे उपकरण चालवावे.

वापरण्याचा क्रम येणेप्रमाणे. प्रथम घरातील सर्व उपकरणे बंद करावीत आणि दांडा मध्यावर आणावा. नंतर जनित्र सुरू करून त्याची गती स्थिर होऊ द्यावी. मग दांडा जनित्राकडे फिरवावा व एकेक उपकरण लावावे. बाहेरची वीज आली म्हणजे उपकरणे बंद करून दांडा पुन्हा मध्यावर आणावा आणि तेथून पलीकडे न्यावा.

भाराचा हिशेबही आधी मांडावा. दोन केव्हीएचे जनित्र साधारणपणे १,६०० वॅट देते. ९ वॅटचे दहा दिवे व ७५ वॅटचे चार पंखे मिळून ३९० वॅट होतात. तेवढे ते सहज पेलते. परंतु एक अश्वशक्तीचा पंप, म्हणजे ७४६ वॅटचा, सुरू होतेवेळी नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढतो. तेथे हे यंत्र अडखळेल. पाणी तापविण्याचा २,००० वॅटचा गीझर तर त्यास लावूच नये.

आणखी एक शत्रू आहे, तो डोळ्यांस दिसत नाही. जनित्राच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील प्राणवायूची जागा तो बळकावतो. डोके दुखू लागते, भोवळ येते, आणि झोपलेला मनुष्य झोपेतच दगावतो. म्हणून पाऊस पडत असला तरी यंत्र घरात, पडवीत किंवा जिन्याखाली ठेवू नये. खिडक्यादारांपासून दूर, चारी बाजूंनी मोकळ्या छपराखाली ठेवावे. इंधन भरताना यंत्र बंद करून निवू द्यावे.

आपल्या शाळेत चांगल्या शोमरोन्याचा दाखला लहान मुलांसही ठाऊक आहे. वाटेवर पडलेला तो जखमी मनुष्य शोमरोन्याच्या दृष्टीस तरी पडला होता. खांबावरचा मनुष्य आपल्यास दिसतही नाही. भरपावसात तो आपल्याच घरी दिवा लागावा म्हणून चढलेला असतो. तोही आपला शेजारीच होय. पालकांनी आपल्या घरचे जनित्र कसे जोडले आहे हे एकवार तपासून पाहावे आणि मुलांनी ते त्यांस आवर्जून विचारावे, एवढीच आमची विनंती आहे.