मल्टिकॅम शिकायचंय? फी भरण्याआधी तास मोजा

मास मीडियाच्या कॉलेजांच्या माहितीपुस्तकात एक फोटो हमखास असतो. चकाचक न्यूज डेस्क, मागे एलईडी वॉल आणि समोर ट्रायपॉडवर तीन कॅमेरे. हा फोटो पाहून लाख-दोन लाखांचा डिमांड ड्राफ्ट काढणाऱ्या पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी आधी एक गोष्ट विचारून घ्यावी: या स्टुडिओत माझ्या वाट्याला किती तास येणार? कोर्स स्वस्त की महाग, हे त्या उत्तरावर ठरतं.

शिकायचं काय असतं?

मल्टिकॅमेऱ्यात तीन-चार कॅमेरे एकाच वेळी चालू असतात. त्यांची चित्रं पीसीआरमध्ये, म्हणजे प्रॉडक्शन कंट्रोल रूममध्ये येतात आणि तिथल्या तिथे कापून कार्यक्रम तयार होतो. मुलाखत चालू आहे, पाहुण्याचं वाक्य संपत आलंय आणि समोरची निवेदिका हसायच्या बेतात आहे. डायरेक्टर टॉकबॅकवर, म्हणजे युनिटच्या हेडफोनवर, म्हणतो, ‘वन, तिच्यावर टाइट... रेडी वन... टेक वन.’ व्हिजन मिक्सरवर बसलेल्याचं बोट ‘टेक’ ऐकताच बटणावर पडलं पाहिजे. अर्धा सेकंद उशीर झाला, तर ते हसू गेलं. बटण दाबताच पहिल्या कॅमेऱ्यावर लाल टॅली दिवा लागतो, दुसऱ्यावरचा विझतो आणि दुसरा कॅमेरामन पुढची फ्रेम शोधायला मोकळा होतो. दरम्यान फ्लोअर मॅनेजर कॅमेऱ्याच्या भिंगाशेजारी हात धरून ब्रेकची उलटी मोजणी बोटांनी दाखवत असतो.

यात ऑडिओ कन्सोल, ग्राफिक्स, टेलिप्रॉम्प्टर, लाइट आणि सगळ्या कॅमेऱ्यांचे रंग जुळवणारा सीसीयू ऑपरेटर धरला, तर साध्या चर्चेच्या कार्यक्रमालाही दहा-बारा माणसं लागतात. हे काम हाताच्या सवयीचं आहे आणि सवय तासांनीच लागते.

खुर्चीच्या तासाचा भाव

दोन काल्पनिक कॉलेजं घेऊ. पहिल्याची वर्षाची फी दीड लाख, बॅच ३० जणांची, वेळापत्रकात स्टुडिओचे ९० तास. त्यातला तिसरा हिस्सा लाइट लावणं, केबल जोडणं आणि कॅमेरे जुळवण्यात जातो. उरले ६० तास. डायरेक्टरची खुर्ची एकच आणि मिक्सरची खुर्चीही एकच. म्हणजे प्रत्येकाला दोन तास दिग्दर्शन आणि दोन तास मिक्सिंग. चार तासांसाठी दीड लाख, म्हणजे तासाला ३७,५०० रुपये.

दुसऱ्या कॉलेजची फी दोन लाख, पण बॅच १५ जणांची आणि प्रत्यक्ष कामाचे तास १२०. इथे दोन्ही खुर्च्यांवर मिळून प्रत्येकाला १६ तास मिळतात. तासाचा भाव १२,५०० रुपये. फी ५० हजारांनी जास्त, तरी सौदा तिप्पट स्वस्त.

फीमध्ये इतर विषयही येतात आणि कॅमेऱ्यावर किंवा फ्लोअरवर घालवलेले तासही शिकवतातच. पण दोन कोर्स शेजारी ठेवून तुलना करायला हा हिशेब पुरेसा आहे.

पर्याय कोणते?

सरकारी संस्था. पुण्याच्या एफटीआयआयचा टीव्ही विभाग आधी दिल्लीत होता, तो १९७४ मध्ये पुण्यात आला. दूरदर्शनच्या कर्मचाऱ्यांच्या कित्येक तुकड्या इथेच घडल्या. टीव्ही दिग्दर्शन, इलेक्ट्रॉनिक सिनेमॅटोग्राफी, व्हिडिओ एडिटिंग आणि साउंड व टीव्ही इंजिनिअरिंग असे एक वर्षाचे, पदवीनंतरचे अभ्यासक्रम या विभागात चालत आले आहेत. कोलकात्याच्या सत्यजित रे संस्थेत इलेक्ट्रॉनिक आणि डिजिटल मीडियाचा स्वतंत्र विभाग आहे. दिल्लीच्या जामियातलं मास कम्युनिकेशन रिसर्च सेंटर १९८२ मध्ये स्थापन झालं, तिथेही मास कम्युनिकेशन शिकवलं जातं. जागा मोजक्या आणि प्रवेश परीक्षा कडक, पण बॅच लहान असल्यामुळे वरच्या हिशेबात या संस्था सरस ठरतात. फीचे आकडे दरवर्षीच्या माहितीपत्रकातूनच घ्या.

विद्यापीठांशी संलग्न कॉलेजं. मुंबई विद्यापीठाची बीएएमएमसी ही मास मीडियाची किंवा त्यासारखी पदवी अनुदानित कॉलेजातही सहसा विनाअनुदानित तत्त्वावर चालते. फी वर्षाला काही दहा हजारांत असते, तर खासगी विद्यापीठांत ती लाखांत जाते. टीव्ही हा अनेक विषयांपैकी एक असल्याने इथे स्टुडिओचे तास सर्वांत आधी विचारा.

खासगी अल्प मुदतीचे कोर्स. तीन-सहा महिन्यांचे. इथे १८ टक्के जीएसटीकडे लक्ष हवं. मान्यताप्राप्त पदवीच्या शिक्षणाला हा कर लागत नाही, खासगी प्रमाणपत्राला लागतो. जाहिरातीत ६० हजार लिहिलं असेल आणि बारीक अक्षरात ‘कर वेगळा’ असेल, तर खिशातून ७०,८०० रुपये जातात.

पावतीवर नसलेला खर्च

राहणं-जेवण हा सर्वांत मोठा आकडा. पुण्यात पीजी आणि डबा मिळून महिन्याला दहा-बारा हजार धरा, मुंबईत त्याहून जास्त. स्टुडिओचा स्लॉट रात्री उशिरा संपला आणि बस चुकली तर रिक्षाचं भाडं पडतं, तेही त्यातच धरा.

प्रोजेक्टचा खर्च बहुतेक ठिकाणी विद्यार्थीच वर्गणी काढून करतात. सेटचं प्लाय आणि रंग, भाड्याचे कपडे, पाहुण्यांचा प्रवास, युनिटचा चहा-नाश्ता. प्रत्येक प्रोजेक्टला माणशी हजार-दोन हजार सहज जातात. सामान उशिरा परत केलं किंवा माइकची क्लिप हरवली तर दंड वेगळा.

हार्ड डिस्क हवीच. एका कॅमेऱ्याचं ५० मेगाबिटचं रेकॉर्डिंग तासाला २२.५ जीबी जागा घेतं. चार कॅमेरे वेगवेगळे रेकॉर्ड केले तर तासाला ९० जीबी. एक टीबीची डिस्क अकरा तासांत भरते. शिवाय बंद कपांचा हेडफोन, काळे टी-शर्ट आणि गॅफर टेप. काळे कपडे यासाठी, की काचेत आणि चकचकीत डेस्कमध्ये आपलं प्रतिबिंब दिसू नये.

घरचा सराव: शून्यापासून तीस हजारांपर्यंत

मिळालेले तास पुरत नाहीत, म्हणून बाहेर सराव लागतो. सुरुवातीला पैसे लागत नाहीत. ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर मोफत आहे. एक लॅपटॉप, मित्रांचे तीन मोबाइल, एक वायफाय आणि मोबाइलला वेबकॅम बनवणारं अॅप एवढ्यावर प्रिव्ह्यू (पुढचं तयार चित्र), प्रोग्राम (प्रेक्षकांना दिसणारं चित्र) आणि कट यांचा रियाज होतो. वायफायवर चित्र थोडं मागे पडतं, आवाजाशी जुळवून घ्या. नंतर त्याच फुटेजवर दाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत मल्टिकॅम एडिटिंगही शिकता येतं.

मोबाइल बहुधा सेकंदाला ३० फ्रेमवर असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं. सगळे मोबाइल २५ फ्रेमवर आणि शटर १/५० वर आणा, लुकलुक थांबेल. ही सवय पुढे स्टुडिओतही कामी येते.

पुढची पायरी म्हणजे छोटा हार्डवेअर स्विचर. ब्लॅकमॅजिकचा एटेम मिनी २०१९ मध्ये आला. चार एचडीएमआय इनपुटच्या या डब्याची किंमत साधारण तीस हजारांच्या घरात आहे. चौघांनी मिळून घेतला तर माणशी साडेसात हजार. कॅमेरे विकत घेऊ नका, भाड्याने आणा. भाड्याचा कॅमेरा आणताना तो ‘क्लीन एचडीएमआय’ देतो का, हे दुकानातच तपासा. नाहीतर बॅटरीचं चिन्ह आणि फोकसची चौकट थेट प्रोग्रामवर झळकते. केबल दहा मीटरपेक्षा लांब नको, साध्या एचडीएमआयचा सिग्नल त्यापुढे दगा देतो. मोठ्या स्टुडिओत एसडीआय केबल वापरतात, ती याचसाठी.

आता तर लग्नात, कीर्तन महोत्सवात आणि राजकीय सभेतही एलईडी वॉलवर लाइव्ह मिक्सिंग असतं. तिथल्या युनिटबरोबर जायला मिळालं तर जा. पहिले काही दिवस केबलच गुंडाळाव्या लागतील, पण खुर्ची रिकामी झाली की बोलावणं तुम्हालाच येईल. फुकट राबवून घेणाऱ्याकडून निदान प्रवास आणि जेवण आधी ठरवून घ्या.

प्रवेशाआधी विचारा

• बॅच किती जणांची, आणि प्रत्येकाला डायरेक्टर व मिक्सरच्या खुर्चीवर किती तास?
• कॅमेरे, टॉकबॅक आणि टॅली दिवे आज चालू आहेत का? सुरू करून दाखवा.
• स्टुडिओचं तंत्र सांभाळायला पूर्ण वेळ इंजिनिअर आहे का?
• सुट्टीत किंवा संध्याकाळी सरावाला स्टुडिओ मिळतो का? त्याचे पैसे किती?
• डिपॉझिट किती आणि ते कधी परत मिळतं?
• गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांचा अख्खा कार्यक्रम पाहायला मिळेल का? दोन मिनिटांच्या शोरीलवर समाधान मानू नका.

शेवटी सीनियर मुलांना कॅन्टीनमध्ये गाठा. ‘मिक्सरला हात किती वेळा लागला?’ एवढं विचारलं तरी पुरे.

पैसे कसे उभे करायचे, परत कसे मिळवायचे?

मान्यताप्राप्त पदवीला महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्या आणि राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना पात्रतेनुसार लागू होऊ शकतात. खासगी प्रमाणपत्राला सहसा नाहीत. बँका शैक्षणिक कर्ज देतानाही मान्यता बघतात. साधारणपणे चार लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, पालक सहकर्जदार असतात.

प्रवेश रद्द केल्यास यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे, प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेआधी किमान १५ दिवस कळवलं तर पूर्ण फी परत मिळते. त्यातून प्रक्रिया शुल्क पाच टक्क्यांपर्यंत, पण कमाल ५,००० रुपयेच कापता येतं. त्यानंतर उशिरानुसार ९०, ८० आणि ५० टक्के, आणि शेवटच्या तारखेनंतर ३० दिवस उलटले की काहीच नाही. मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवायचा कॉलेजला अधिकार नाही. खासगी क्लासला हे नियम लागू नाहीत, म्हणून परताव्याची अट पावतीवर लिहून घ्या. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही.

जे कॉलेज खुर्चीचे तास लेखी देईल, तिथे थोडी जास्त फी भरायला हरकत नाही. जे फक्त स्टुडिओची फेरी मारून आणेल, तिथून माहितीपुस्तक घ्या आणि ड्राफ्ट परत घरी आणा.